गोलकृमीच्या चेतापेशींना जन्मपत्रिका नसते

सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीबद्दल एक दावा सतत फिरत असतो. त्याच्या गर्भात कोणती पेशी कोणापासून होणार हे ठरलेलं असतं. म्हणजे चेतापेशीची जनुकं निव्वळ वंशानुसार चालू-बंद होतात, शेजाऱ्यांचा त्यात हात नसतो. शिवाय पेशी एकदा घडली की विषय संपला.

पेशींची वंशावळ, म्हणजे कोणती पेशी कुठल्या पेशीतून आली याचा नकाशा, ठरलेली असते, हे मान्य. जीवशास्त्रज्ञ सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती पूर्ण मांडली, आणि प्रौढ उभयलिंगी कृमीत चेतापेशी मोजून ३०२ भरतात. पण वंशावळ ठरलेली का असते? गर्भ चार पेशींचा असताना एबीए आणि एबीपी या बहिणी सारख्याच कुवतीच्या असतात. प्रीस आणि थॉमसन यांनी १९८७ मध्ये त्यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी कृमी धडधाकट जन्मला. एबीपीला वेगळं करतो तो तिला चिकटलेल्या पी२ पेशीचा नॉच संकेत, म्हणजे पेशीने शेजारणीला स्पर्शातून दिलेला निरोप. शेजारी दर वेळी तेच, म्हणून निकालही तोच.

दाव्याची खरी पंचाईत चव ओळखणारी एएसई ही चेतापेशींची जोडी करते. डावी एबीएच्या शाखेतली, उजवी एबीपीच्या. नातं तुटलं ते चार पेशींच्या टप्प्यावरच. तरीही दोघींत चे-१ हे नियंत्रक जनुक (इतर जनुकं चालू-बंद करणारं) चालू होतं आणि त्या एकाच प्रकारच्या होतात. फरक उरतो तो एवढाच: एलएसवाय-६ हा मायक्रोआरएनए (इतर जनुकांना आवर घालणारा आरएनएचा छोटा तुकडा) फक्त डावीत बनतो, त्यामुळे दोघींचे चव-ग्राहक काहीसे वेगळे. गंमत म्हणजे या फरकाचं मूळ त्याच जुन्या नॉच संकेतात आहे. तो न मिळालेल्या एबीएच्या शाखेत एलएसवाय-६ चा डीएनए आधीच मोकळा करून ठेवला जातो आणि अनेक विभाजनांनंतर चे-१ त्याचा फायदा उठवतं. म्हणजे वंश खूण ठेवतो खरा, पण ती खूणसुद्धा शेजाऱ्यानेच घडवलेली!

'एका जनुकाने एका प्रकारची पेशी घडते' हेही याच दाव्याचं भावंड. यूएनसी-८६ हे नियंत्रक जनुक कितीतरी प्रकारच्या चेतापेशींत चालू असतं. हलका स्पर्श ओळखणाऱ्या सहा पेशी घडायला त्याला एमईसी-३ या दुसऱ्या नियंत्रक जनुकाची जोड लागते.

आणि पेशी घडली की विषय संपत तर नाहीच, तिची ओळख टिकवण्याचं काम चालूच राहतं. चे-१ स्वतःलाच चालू ठेवतं, पेशी प्रौढ झाल्यावरही.