‘प्रिझर्वेटिव्ह फ्री’ वाचून खूश होण्याआधी

‘केमिकल प्रिझर्वेटिव्ह म्हणजे विष’ हा फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच असतो. सोबत पुरावा ठरलेला: प्रयोगशाळेत मानवी पेशींवर अमुक रसायन टाकलं आणि पेशी मेल्या. अहो, मरणारच! काचेच्या बशीतल्या उघड्या पेशींवर मीठ जास्त पडलं तरी त्या मरतात. त्या बशीत ना यकृत असतं, ना मूत्रपिंड, ना आतड्याच्या आतला चिकट थर.

पण म्हणून ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. प्रिझर्वेटिव्हचं कामच मुळी पेशीला मारणं किंवा तिची वाढ रोखणं. जिवाणू आणि बुरशी यांच्याही पेशीच की. तेव्हा ते रसायन आपल्या शरीरात कुठल्या पेशीला गाठतं आणि किती काळ तिथे राहतं, हे बघायला हवं.

सरबतं, सॉसमध्ये घालतात ते, सगळ्यात जास्त शिव्या खाणारं सोडियम बेंझोएट घ्या. आंबट पदार्थात त्याचं बेंझोइक आम्ल होतं, ते बुरशीच्या पेशीत शिरतं आणि आतली आम्लता वाढवतं. ते आम्ल बाहेर ढकलता ढकलता पेशीची ऊर्जा संपते. आपण ते गिळलं की मात्र यकृतातल्या पेशी त्याला ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल जोडून हिप्युरिक आम्ल बनवतात आणि ते लघवीवाटे निघून जातं. ही वाट इतकी भरवशाची, की जन्मजात दोषामुळे ज्यांच्या रक्तात अमोनिया साठतो त्यांना डॉक्टर हेच बेंझोएट औषध म्हणून देतात. त्याची खरी खोड वेगळी आहे. सरबताच्या बाटलीत त्याच्यासोबत क जीवनसत्त्व असेल आणि ती उन्हात, उष्णतेत पडून राहिली, तर किंचित बेंझिन तयार होऊ शकतं, आणि बेंझिनने कर्करोग होतो.

प्रिझर्वेटिव्हच नको म्हणावं, तर 1928 साली ऑस्ट्रेलियात बुंडाबर्गला 12 मुलं दगावली होती. घटसर्पाच्या लसीच्या बाटलीत प्रिझर्वेटिव्ह नव्हतं आणि तीत स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढले होते.

आता क्रीम-लोशनमध्ये घालतात त्या पॅराबेन या प्रिझर्वेटिव्हचं बघा. 2004 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचं संशोधन आलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हतीच, पण घबराट पसरायची ती पसरली. ‘पॅराबेन फ्री’ची लेबलं आली आणि बऱ्याच क्रीममध्ये, ओल्या वाइप्समध्ये त्याच्या जागी मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं दुसरं प्रिझर्वेटिव्ह शिरलं. हे रसायन जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना चिकटून त्यांचं काम थांबवतं. त्वचेतल्या प्रथिनांनाही ते तसंच चिकटतं. मग रोगप्रतिकारक पेशी त्या बदललेल्या प्रथिनाला परकं ठरवतात, आणि एकदा ठरवलं की बहुधा आयुष्यभर विसरत नाहीत. हात, चेहरा, पापण्या लाल होऊन सोलायला लागल्या. अखेर 2017 पासून युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये त्यावर बंदी घातली. भीतीपोटी आपण जुनं हाकललं आणि त्याहून त्रासदायक पाहुणा घरात घेतला.

आणि जिथे पेशींचं नुकसान चांगलं सिद्ध झालंय, त्यावर फॉरवर्ड मला तरी कधी आलेला नाही. डोळ्यांच्या अनेक थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असतं. प्रमाण साधारण 0.004 ते 0.02 टक्के. मुळात हे साबणाच्याच कुळातलं. जिवाणूचं स्निग्ध आवरण फोडतं, तसंच अश्रूंवरचा तेलकट थरही फोडतं, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावरच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ती पकड ते सैल करतं. (औषध आत शिरायला याचीच थोडी मदतही होते, गंमत बघा.) ॲलर्जीसाठी डोळ्यांचे थेंब आठवडाभर घातले तर पेशी भरून निघतात. काचबिंदूच्या रुग्णाचं तसं नाही. त्याला रोज घालायचे, वर्षानुवर्षं, आणि बरेचदा दोन-तीन बाटल्यांतले. जळजळ, लाली, डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटणं हे सगळं तो ‘वयाचं असेल’ म्हणून सोसत राहतो.

असं कोणी तुमच्या घरात असेल तर थेंब मनाने बंद करू नका, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, की याच औषधाचा प्रिझर्वेटिव्ह नसलेला प्रकार मिळतो का. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांमध्ये किंवा झडपेच्या खास बाटलीत तो येतो.