रोझा पार्क्स 'पाय दुखत होते म्हणून' बसून राहिल्या नव्हत्या

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अमेरिकेच्या इतिहासातील महत्त्वाच्या व्यक्ती' अशी यादी फिरते. तिच्यात रोझा पार्क्स यांच्याबद्दल साधारण असे लिहिलेले असते: 'शिवणकाम करणारी एक साधी, वृद्ध बाई. कामाने थकलेली, पाय दुखत होते, म्हणून गोऱ्यांच्या राखीव जागेवर बसली आणि उठलीच नाही. तिच्या अटकेने लोक अचानक पेटून उठले, मार्टिन ल्यूथर किंग यांनी बहिष्कार पुकारला आणि बसमधला वर्णभेद संपला.' यातले शिवणकाम तेवढे खरे. बाकी जवळजवळ सगळे दुरुस्त करायला हवे.

'वृद्ध आणि थकलेली': 1 डिसेंबर 1955 रोजी, म्हणजे अटकेच्या दिवशी, त्यांचे वय 42 होते. एरवी कामावरून सुटल्यावर असतो त्याहून जास्त थकवा त्या दिवशी नव्हता, दबून राहण्याचा मात्र वीट आला होता, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

'गोऱ्यांच्या राखीव जागेवर': नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये पुढच्या 10 जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. पार्क्स त्यांच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या, जिथे कृष्णवर्णीयांना बसायला परवानगी होती. पुढच्या जागा भरल्या, एक गोरा माणूस उभा राहिला, आणि त्या एकासाठी ड्रायव्हरने रांगेतल्या चौघांनाही उठायला सांगितले. तिघे उठले, पार्क्स बसून राहिल्या. हा ड्रायव्हर जेम्स ब्लेक. 1943 मध्ये यानेच त्यांना बसमधून उतरवले होते.

'साधी बाई': मला सर्वांत जास्त खटकते ते हे. पार्क्स 1943 पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या सचिव होत्या. 1944 मध्ये रेसी टेलर या तरुणीवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा तिची हकिगत नोंदवून घ्यायला शाखेने पार्क्स यांनाच पाठवले. अटकेच्या काही महिने आधी त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये वर्णभेद मोडण्याविषयीच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. बारा वर्षांचे हे काम पुसून फक्त दुखरे पाय ठेवायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

'लोक अचानक पेटून उठले': अजिबात नाही. मार्च 1955 मध्ये 15 वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला आणि ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथला याच कारणासाठी अटक झाली होती. त्याही आधी, मे 1954 मध्ये, विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना पत्र लिहून बसवर बहिष्कार पडू शकतो असे बजावले होते. बसचे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय आहेत, याची आठवणही करून दिली होती.

रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत. पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळताच त्याच रात्री त्या कॉलेजात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने सायक्लोस्टाइलवर पत्रके काढत बसल्या. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग ते कापून गठ्ठे. 'आणखी एका निग्रो स्त्रीला अटक झाली आहे' अशी त्या पत्रकाची सुरुवात. दुसऱ्या दिवशी हजारो पत्रके गावभर पोचली. ही यंत्रणा तयार होती, म्हणून सोमवारी, 5 डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या.

'किंग यांनी बहिष्कार पुकारला': हेही नाही. बहिष्कार सुरू झाला त्याच दिवशी दुपारी तो पुढे चालवण्यासाठी माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन स्थापन झाली आणि 26 वर्षांच्या किंग यांना अध्यक्ष निवडले. पुढचे 381 दिवस त्यांनी नेतृत्व केले, घरावर बॉम्ब पडला तरी. त्यांचे मोठेपण तिथे आहे.

राहिला निकाल. पार्क्स यांच्या खटल्यात त्यांना 10 डॉलर दंड आणि 4 डॉलर खर्च भरायचा हुकूम झाला, त्या खटल्याने कायदा बदलला नाही. बदलला तो 'ब्राउडर विरुद्ध गेल' या वेगळ्या खटल्याने. त्यात ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, कोल्विन आणि स्मिथ या फिर्यादी होत्या. खालच्या न्यायालयाने त्यात बसमधल्या विलगीकरणाविरुद्ध निकाल दिला आणि नोव्हेंबर 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. बसमधले विलगीकरण कोणत्या खटल्याने संपले असा प्रश्न आला, तर उत्तरात हेच नाव लिहायचे.