प्रभूची वेळ म्हणे!

वैताग आलाय नुसता, आणि तोही स्वतःचाच. आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या पोरांचं नाताळचं नाटक मी लिहिते म्हणून ऑगस्टमध्ये सगळ्यांसमोर हात वर केला होता, आता नोव्हेंबर संपत आला आणि लॅपटॉपवर 'नाटक फायनल' नावाची फाईल आहे जिच्यात एक अक्षर नाहीये. एक अक्षर! दर रविवारी उपासना सुटली की पाळकीणबाई दारातच धरतात, झालं का गं? आणि मी तोंड वर करून सांगते, प्रार्थनेत ठेवलंय बाई. कसली प्रार्थना डोंबलाची, काल रात्री ११ वाजता स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते मी, का तर नाटक लिहायचं होतं!

आपल्या ख्रिस्ती लोकांत हे फार सोपं झालंय. ऑफिसातली मैत्रीण सरळ कंटाळा आला म्हणते, आपण म्हणतो प्रभूची वेळ आली नाही अजून. एक ताई तर म्हणाल्या सैतान अडवतोय तुला, उपास कर. अहो त्याला कशाला त्रास, मी आणि माझा मोबाईल पुरेसे आहोत की. कहर म्हणजे आळसावर विजय मिळवा असलं प्रवचन लावलं युट्यूबवर, गादीत लोळत, एक संपलं दुसरं लावलं, दीड तास आमेन आमेन करत गेला. बायबलात नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात आहे ना, दार बिजागरीवर फिरतं तसा आळशी बिछान्यावर, तर ते ऐकून मी हसले आणि कूस बदलली.

लहानपणी बायबलातल्या फारोला, त्या मिसरच्या राजाला, किती हसायचो. घरभर बेडूक, पलंगावर बेडूक, पिठाच्या परातीत बेडूक, देवाचा संदेष्टा मोशे विचारतो कधी घालवू सांग, तर हा शहाणा म्हणतो उद्या! अरे आत्ता म्हण की! आणि तो रोमी सुभेदार फेलिक्स, कैदेतल्या प्रेषित पौलाचं ऐकून टरकला, म्हणाला सध्या जा, सवड झाली की बोलावतो, आणि पुढं दोन वर्षं पौल कैदेतच. माझ्यापायी १४ पोरं ताटकळलीत, एकीच्या आईनं देवदूताचे पंख शिवून पण ठेवलेत, फोटो पाठवला होता, मी हार्ट टाकलं आणि झोपले. तिकडं केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो बायकापोरींचा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि १९२२ ला जाण्याआधी ते पुरंही केलं. मला १५ मिनिटांचं नाटक होईना!

आज शेवटी मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसला. प्रार्थना केली पण दोनच वाक्यांची, कारण काम समोर असलं की माझी प्रार्थना बरोब्बर लांबते, आणि डोळे उघडल्या उघडल्या टाइप करायला लागले. चार ओळी झाल्यात.

पहिला मेंढपाळ: अरे ऊठ, आकाशात काय उजेड पडलाय बघ!
दुसरा मेंढपाळ: पाच मिनिटं रे.