रस्त्यावर ओरडणाऱ्याला घाबरून पैसे देऊ नका

जुलैमधला गुरुवार. पार्ल्याला आईच्या डोळ्याची तपासणी आटोपून आम्ही बोरिवलीला घरी निघालो होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झालेला, डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. पाऊस फार नव्हता, पण वायपर बंद करावा इतका कमीही नव्हता. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला गोरेगावात, आरेच्या फ्लायओव्हरच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकदम लागले. मी ब्रेक दाबला आणि थांबले. पूर्ण थांबले, पुढच्या गाडीत आणि माझ्यात जागा ठेवून. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचे दोन महिने मी ही दोन वाक्यं किती लोकांना सांगितली त्याला गणती नाही.

मग मागून एसयूव्ही आदळली.

माझी गाडी तशीच पुढे ढकलली गेली आणि पुढच्या सेडानच्या डिक्कीत घुसली. एक धडक मागून, लगेच दुसरी पुढून. आईचा चष्मा उडून पायाशी कुठेतरी गेला. तिने दोन्ही तळव्यांनी ऑपरेशनचा डोळा झाकून घेतला होता आणि एकच घोकत होती, "मला काही नाही झालं गं, मला काही नाही झालं." वायपर तसाच फिरत होता. बाटली फुटून थेंबांचं औषध तिच्या साडीवर सांडलं होतं आणि मला ते क्षणभर रक्तच वाटलं.

मी तिचा डोळा बघतेय तोवर काचेवर थापा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंनी.

मागचा गाडीवाला हिंदीत, "मॅडम, बीच रोड पे ब्रेक मारते हैं क्या?" पुढचा मराठी, माझ्याच वयाचा असेल. "चालवता येत नाही तर गाडी काढता कशाला बाहेर? उतरा खाली. उतरा आधी." मी उतरले. त्याने मला हाताला धरून डिक्की दाखवायला नेलं नाही एवढंच. "हे बघा. पंधरा हजार. आत्ता. नाहीतर इथून हलू देणार नाही." मागचा त्याला दुजोरा देत होता. धडक ज्याने दिली तो माणूस, ज्याला बसली त्याच्या बाजूने उभा राहून, मधल्या बाईकडून पैसे काढायला मदत करत होता. आजूबाजूला बाइकवाले हळू होऊन बघत होते आणि "साइडला घ्या, साइडला घ्या" म्हणून निघून जात होते.

खरं सांगते, मी फोनमध्ये पैसे पाठवायचं ॲप उघडलं होतं. त्या वेळी डोक्यात फक्त आईला घरी न्यायचं होतं. पंधरा हजारांत सुटका होत असेल तर होऊ दे, असं वाटलं.

थांबवलं एका रिक्षावाल्याने. त्याने रिक्षा कडेला लावली होती, आईला हात धरून त्यात नेऊन बसवलं होतं, आणि तिचा चष्मा सीटखालून काढून स्वतःच्या शर्टाला पुसून दिला होता. मग माझ्याकडे येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, आधी फोटो काढा. गाड्या हलल्या की कोण कुठं होतं ते देवालाबी सांगता येत नाही." मी फोटो काढले. तीन गाड्यांचे नंबर, माझ्या डिक्कीत रुतलेला एसयूव्हीचा बंपर, माझी आणि सेडानची धडक, रस्त्यावरचे काचेचे तुकडे, कडेने एक व्हिडिओ. बावीस फोटो. एसयूव्हीवाल्याने मी त्याच्या नंबरप्लेटचा फोटो घेतेय हे बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. पाच मिनिटांत तो गाडी मागे घेऊन निघून गेला. सेडानवाल्याला मी म्हटलं, माझा नंबर घ्या, पॉलिसीचा फोटो घ्या, पैसे मी इथे देणार नाही. तो आणखी बरंच बोलला. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

त्या रात्री आईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, डोळा ठीक आहे याची खात्री झाल्यावर, मी माझी पॉलिसी वाचली. सहा वर्षं दर जुलैला पैसे भरले आणि एकदाही उघडून बघितली नव्हती. तिच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, भरपाई द्यायची नाही, देतो असं आश्वासनही द्यायचं नाही. जवळपास सगळ्या मोटार पॉलिसींमध्ये ही अट असते. म्हणजे रस्त्यावर घाबरून पंधरा हजार दिले असते तर मी माझ्याच पॉलिसीची अट मोडली असती, आणि पुढे त्याने आणखी मागणी केली असती तर कंपनीला माझ्यापासून हात झटकायला कारण मिळालं असतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. सेडानवाल्याकडे पूर्ण विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा, असेल तर त्याला माझ्या पंधरा हजारांची गरजच नव्हती. आपल्याकडे छोट्यामोठ्या धडकेत व्यवहारात ज्याची गाडी त्याची कंपनी दुरुस्त करते, मग चूक कोणाचीही असो. पुढच्याची डिक्की त्याच्या विम्यातून, माझी गाडी माझ्या विम्यातून. समोरच्याकडूनच वसूल करायचं असेल तर त्यासाठी मोटार अपघात दावा प्राधिकरण आहे आणि खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. थर्ड पार्टी विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्यासाठी हायवेवर पावसात एका बाईला घेरून उभं राहावं लागत नाही. ओरडून काहीही ठरत नाही, तरी आपण ओरडतो. आणि ऐकणारा पैसे देतो, कारण दोघांनीही पॉलिसी वाचलेली नसते.

दुसऱ्या दिवशी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर एसयूव्हीचा नंबर टाकला. विमा चालू होता. पोलीस ठाण्यात जाऊन नोंद केली. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, फोटो बघितले, नोंदीची प्रत दिली. हे आवर्जून लिहिते, कारण मी वेगळ्या अनुभवाची तयारी करून गेले होते.

विमा कंपनीकडे मात्र आवाज कोणीच चढवला नाही, आणि तरी मला तिथे जास्त अपमान वाटला. रस्त्यावरचा माणूस निदान माझ्याकडे बघून बोलत होता.

पहिला फोन. क्लेम नोंदवला. पलीकडच्या मुलीने विचारलं, पीयूसी आहे का? माझी पीयूसी, म्हणजे गाडीच्या प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, अकरा दिवसांपूर्वी संपली होती. ती माझी चूक, आणि दंड झाला असता तर मी भरला असता. पण तिने सांगितलं, "मग क्लेम रिजेक्ट होईल मॅडम." दोन दिवस मी तेच खरं धरून चालले. मग शोधलं तेव्हा कळलं की विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ऑगस्ट 2020 मध्येच स्पष्ट केलंय की अपघाताच्या वेळी पीयूसी नव्हती एवढ्या कारणावर मोटार क्लेम नाकारता येत नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका असं म्हटलं होतं, ती अटही 2024 मध्ये कोर्टाने काढून टाकली. मी हे मेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं नाही, पण पीयूसीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. किती लोकांनी त्या मुलीचं ऐकून फोन ठेवला असेल आणि स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग सर्व्हेअर, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासायला येणारे. गॅरेजमध्ये गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, पुढचं आणि मागचं हे दोन वेगळे अपघात दिसतात, दोन क्लेम करा. दोन क्लेम म्हणजे कंपल्सरी एक्सेस, प्रत्येक क्लेममधली आपण सोसायची ठरावीक रक्कम, दोनदा कापली जाणार. मी म्हटलं, सर, एकच धडक आहे, मागून ढकलल्यामुळे पुढे आपटले. ते मोबाइलमध्ये बघत होते. "सगळे असंच सांगतात." मग त्यांनी गॅरेजवाल्याशी बोलायला सुरुवात केली आणि मी तिथे नाहीच असं वागले. गाडी माझी, पॉलिसी माझी, प्रश्न मी विचारतेय आणि उत्तर देताना त्यांची मान फोरमनकडे. शेवटी मी व्हिडिओ लावून फोन त्यांच्या पुढे धरला. तीन गाड्या एकमेकींना चिकटलेल्या, वर वेळ. त्यांनी तो दोनदा बघितला आणि एकच क्लेम लिहिला.

तो रिक्षावाला नसता तर तो व्हिडिओ नसता.

पैशांचा हिशोब देते, कारण हा कोणी सांगत नाही आणि बिल हातात आल्यावर सगळे गॅरेजवाल्याशी भांडतात. माझं एस्टिमेट 63,600 रुपये. गाडी 1,200 सीसीची, सहा वर्षं जुनी, झिरो डेप नाही, म्हणजे सामानाच्या जुनेपणासाठी कापला जाणारा घसारा वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं नाही. बंपर, ग्रिल, दिवे हे प्लास्टिकचं सामान 18,400 चं, त्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे 9,200 माझे. डिक्कीचा दरवाजा, बॉनेट वगैरे पत्रा 21,500 चा. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्यावर 40 टक्के, म्हणजे 8,600 माझे. मागची काच 5,200, काचेवर घसारा नसतो, ती पूर्ण मिळाली. पेंटिंगच्या 12,000 पैकी चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे 1,500. मजुरीचे 6,500 पूर्ण मिळाले. 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला एक्सेस 1,000. एकूण माझ्या खिशातून 20,300 आणि कंपनीकडून 43,300.

हे आकडे मी रात्री जेवणाच्या टेबलावर वहीत मांडले. गॅरेजच्या काउंटरवर मला सुरुवातीला "तुमच्याकडून साधारण तीस-बत्तीस येतील" असं सांगितलं होतं. वही घेऊन गेले आणि ओळीओळीने विचारलं तेव्हा काचेवर आणि मजुरीवरही कापल्याचं निघालं. फोरमनने मुकाट्याने दुरुस्त केलं. त्याच्या मनात फसवायचं होतं की घाईत झालं, मला माहीत नाही.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. पाच वर्षं एकही क्लेम नाही म्हणून माझा बोनस 50 टक्क्यांवर गेला होता. तो शून्य झाला. यंदा क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी 20 पासून पुन्हा सुरुवात. मी सिग्नलला उभ्या असल्यासारखी स्थिर उभी होते, मागून कोणीतरी येऊन आदळला, पोलिसांत नोंद आहे, त्याच्या गाडीचा नंबर आहे, त्याचा विमा चालू आहे, आणि शिक्षा माझ्या प्रीमियमला. याला मी अन्यायच म्हणेन. चूक स्पष्ट सिद्ध होत असेल तिथे तरी निर्दोष माणसाचा बोनस शाबूत राहायला हवा. वीस हजारांसाठी प्राधिकरणात खेटे घालायला किती नोकरदार माणसं जातील? मीही गेले नाही. कुणी जखमी झालं असतं तर मात्र नक्की गेले असते.

अजून एक, ज्यांचं घोडं अडलंय त्यांच्यासाठी. क्लेम पेपर पूर्ण असूनही माझं पेमेंट तीन आठवडे अडकलं होतं. रोज वेगळा माणूस, रोज "प्रोसेसमध्ये आहे." मी फोन करणं बंद केलं आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. तारखा लिहिल्या, आणि शेवटी लिहिलं की एक महिन्यात निकाल लागला नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाईन. मुंबईच्या लोकपालांचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते एवढंच. चौथ्या दिवशी पैसे गॅरेजला जमा झाले. त्याच मेलला पहिल्यांदा कोणीतरी स्वतःच्या नावाने उत्तर दिलं.

लोक मला म्हणतात, तू बाई म्हणून तुला जास्त बोलले. असेलही. माझ्या भावाला "उतरा खाली" कोणी म्हटलं नसतं. पण आई सत्तरीची, डोळा झाकून बसलेली, काचेतून स्पष्ट दिसत होती. दोघांपैकी एकानेही वाकून आत बघितलं नाही. मला तेवढं आठवतं. पंधरा हजार आठवत नाहीत.

सेडानवाल्याचा फोन आला, तिसऱ्या दिवशी रात्री. मी नंबर बघून उचलू की नको असं झालं. उचलला. तो म्हणाला, "ताई, गॅरेजवाला वीस हजार सांगतोय." मी विचारलं, तुमचा फुल इन्शुरन्स आहे ना? म्हणाला, आहे बहुतेक, एजंट भरतो. मी म्हटलं, पॉलिसी समोर घेऊन बसा. तो बसला. मी त्याला कुठे फोन करायचा, आरसी आणि लायसन्सची कॉपी, फोटो कोणते, काम सुरू करण्याआधी सर्व्हेअर का यायला हवा, सगळं सांगितलं. माझ्याकडचा व्हिडिओही पाठवला. मध्येच त्याने विचारलं, "त्या आजी बऱ्या आहेत का?" मी म्हटलं, बऱ्या आहेत.

रात्री साडेअकराला त्याने व्हॉट्सॲपवर क्लेम नंबरचा फोटो पाठवला.