शॅम्पू निवडताना डोके वापरू नये

शॅम्पू घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातून पहिली चूक घडते ती आरशासमोर. तो स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतो, मुळांशी तेलकटपणा आहे की कोंडा याचा अंदाज घेतो, केसांची टोके चिमटीत धरून पाहतो आणि मग हवी ती बाटली घेऊन दहा मिनिटांत घरी परततो. इतक्या मुकाट्याने मिटणाऱ्या प्रकरणात कसली आली मजा? तेव्हा तुम्ही असा अरसिकपणा करू नये. बाटलीवरच्या चित्रातल्या बाईचे केस पाहावेत, मैत्रिणीचे पाहावेत, रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांचेही पाहावेत. आपले तेवढे पाहू नयेत.

बाटली हातात घेतली की तिचा दर्शनी भाग भक्तिभावाने वाचावा आणि ती चुकूनही उलटी फिरवू नये. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी असते, आणि त्या यादीला एक वाईट खोड असते: जे जास्त ते आधी, जे कमी ते नंतर. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर बहुतेक वेळा निव्वळ पाणी निघते. 1 टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. पुढच्या चित्रात ज्या दुर्मीळ तेलाचा थेंब सोन्यासारखा टपकत असतो, ते तेल पुष्कळदा याच शेवटच्या पंगतीत, सुगंधाच्या शेजारी अंग चोरून बसलेले सापडते. असले काही वाचून आपल्याच आनंदावर विरजण कशाला घालावे?

यादी वाचायचीच असेल तर ती केवळ घाबरण्यासाठी वाचावी. ‘सिटाइल अल्कोहोल’ हे नाव दिसले की बाटली जागच्या जागी ठेवून चार पावले मागे सरावे. ते नावापुरते अल्कोहोल असून प्रत्यक्षात मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे आणि केस मऊ करण्यासाठीच घातलेले असते, ही माहिती जो देईल त्याच्याकडे संशयाने पाहावे. सल्फेटचे, म्हणजे मळ काढणाऱ्या आणि भरपूर फेस आणणाऱ्या घटकाचे, नाव दिसले तर विषाची बाटली उघडल्यासारखा चेहरा करावा आणि सल्फेटविरहित शॅम्पू घरी आणून, पहिल्याच आंघोळीत, ‘याला फेसच येत नाही’ अशी तक्रार करावी. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. मळ निघतो तो एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरणाऱ्या रेणूंमुळे. पण रेणू दिसत नाहीत आणि फेस दिसतो, म्हणून मान फेसालाच द्यावा.

पोषणाची बाब फार गंभीरपणे घ्यावी. त्वचेबाहेर आलेला केस मेलेला असतो, तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो, हे शाळेत शिकलेले एव्हाना विसरलेले बरे. लोकरही केराटिनचीच असते; पण स्वेटरला कोणी जीवनसत्त्वे पाजत नाही, म्हणून आपण केसांचीही उपासमार करायची की काय? केसांना फाटे फुटले असतील तर ते ‘मुळापासून जोडणारी’ बाटली अवश्य घ्यावी. तिच्यातला सिलिकोनचा पातळ थर ते फाटे पुढच्या आंघोळीपर्यंत एकमेकांना चिकटवून ठेवील. त्यावर खरा इलाज कात्री हाच आहे. परंतु कात्री एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुरते, आणि तिच्यावर कोणाचा उडत्या केसांचा फोटोही नसतो.

आता मुख्य विधीकडे वळू. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली आलेल्या 30 सेंटीमीटर केसाचे टोक अडीच वर्षांचे जुने असते. त्याने तेवढी वर्षे ऊन, कंगवा, टॉवेल आणि ड्रायर सोसलेला असतो, तर मुळाशी आलेला केस कालचा असतो आणि त्याच्यापाशी डोक्याची त्वचा रोज तेल सोडत असते. एकाच केसाच्या दोन टोकांच्या गरजा अशा दोन दिशांना असल्यामुळे शॅम्पू निवडावा तो डोक्याच्या त्वचेकडे पाहून आणि कंडिशनर निवडावा तो केसांच्या लांबीकडे व टोकांकडे पाहून, असा एक फार सोपा नियम निघतो. तो मोडल्याखेरीज आपले काही चालायचे नाही. म्हणून शॅम्पू टोकांना खसाखसा चोळावा आणि कंडिशनर मुळांशी थापावा. कंडिशनरमधल्या रेणूंवर धन विद्युतभार असतो आणि झिजलेल्या केसावर ऋण, त्यामुळे तो जिथे झीज अधिक तिथे नेमका जाऊन चिकटतो. त्याला टोकांपर्यंत पोहोचूच दिले नाही की झाले. चार आठवड्यांत टोके काथ्यासारखी आणि मुळे चिकट होतील. मग ‘तेलकट मुळे, कोरडी टोके’ यांच्यासाठी खास काढलेला नवा संच घेण्यास तुम्ही पात्र ठराल.

कोंडा झाला तर तो कोरडेपणा समजून डोक्यावर तेल ओतावे. कोंड्यामागे मॅलसेझिया नावाची बुरशी असते, ती त्वचेवरच्या स्निग्धतेवरच पोसली जाते, आणि पाहुणचारात कसूर करणे बरे दिसत नाही. डॉक्टरांनी कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू देऊन तो तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवायला सांगितला असेल, तर दहा सेकंदांत धुऊन टाकावा आणि औषधाचा गुण येत नाही असे चारचौघांत सांगावे. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक असते; तरीही नव्या शॅम्पूच्या पहिल्याच दिवशी मोरीच्या जाळीवर वाकून केस मोजावेत आणि संध्याकाळपर्यंत बाटली बदलावी.

ज्यांना शास्त्राची आवड आहे त्यांनी पेल्याचा प्रयोग करावा. पाण्याने भरलेल्या पेल्यात आपला एक केस सोडायचा. तो बुडाला तर केस सच्छिद्र, तरंगला तर नाही. मी एका रविवारी हा प्रयोग केला. केस पृष्ठभागावर स्वल्पविरामासारखा वळून पडला. मी श्वास रोखून दहा मिनिटे पाहत बसलो, मग बोटाने त्याला जरा टोचले, तर तो तत्काळ तळाशी गेला. पाण्याच्या पृष्ठताणामुळे असा हलका धागा वरच राहतो आणि जरा ओला झाला की बुडतो, हे मला ठाऊक होते. पण निकाल लागला होता, आणि त्या निकालाच्या आधारे मी सच्छिद्र केसांसाठीचा शॅम्पू घेऊन आलो.

अर्थात कंडिशनरसह आणलाच. या दोघांची ताटातूट करू नये, एकाच नावाची जोडीच घ्यावी. मुळांची गरज वेगळी, टोकांची वेगळी असले बुद्धिवादी विचार मनात आणू नयेत. दोन्ही बाटल्यांचा आकार, रंग आणि झाकण हुबेहूब सारखे असेल याची खात्री करून घ्यावी. साबणाने डोळे मिटलेले असताना मी परवा त्यातली एक चाचपून घेतली, भरपूर चोळली, फेस येईना म्हणून आणखी घेतली, आणि दुपारपर्यंत माझे डोके लोण्यात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. माझे केस आखूड असल्यामुळे शॅम्पू भराभर संपतो आणि कंडिशनर उरतो, तरी जोडी मोडायची नाही या तत्त्वाने मी दर वेळी दोन्ही आणतो. न्हाणीघरातल्या फळीवर सध्या कंडिशनरच्या पाऊण भरलेल्या चार बाटल्या आहेत, आणि शॅम्पू कालच संपला.