नवा पूल झाला की जुन्या वाटेचं काय?

नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूनं, खाडीलगत सायकल ट्रॅक असावा की नसावा, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर बरेच दिवस जुंपली आहे. ठिणगी मीच टाकली. इकडे आयर्लंडमध्ये, वॉटरफर्डजवळच्या जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या सायकलवाटेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मैलोगणती एकही गाडी नाही.’ नेरुळच्या मेहुण्याचं उत्तर लगेच हजर: ‘भाऊजी, तिकडे माणसंच नाहीत, गाड्या कुठून येणार? इथे खड्डे बुजवायची मारामार आणि तुम्हाला ट्रॅक हवाय!’ ठाण्याची मामेबहीण पक्षी बघणारी. तिचा सूर निराळा. ‘दादा, खाडीकाठी आधी ट्रॅक येतो, मग दिवे येतात, मग गाड्यांचं पार्किंग. फ्लेमिंगोंनी जायचं कुठे?’

दोघांत मला मामेबहिणीचं जास्त पटतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. कांदळवनं तोडायला मनाई करताना मुंबई हायकोर्टानं 2018 मध्ये त्यांच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. अशा पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि वर ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लावायची, हा आपला आवडता उद्योग आहे. स्वतः सायकलवाला असूनही माझा त्याला विरोध आहे.

मेहुण्याचं गणित मात्र अर्धंच बरोबर आहे. पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाणे जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 10 लाख माणसं होती. अख्ख्या आयर्लंड प्रजासत्ताकात 2022 मध्ये 51 लाखांच्या आसपास. फरक आहेच. पण माणसं कमी म्हणून वॉटरफर्डची ही वाट झाली असं नाही. रेल्वे बंद पडली तरी तिच्याखालची जमीन कुणी विकून खाल्ली नाही, म्हणून झाली.

वॉटरफर्डहून डंगारवनकडे जाणारी ही लाइन 1878 ची. प्रवासी गाड्या 1967 मध्ये बंद झाल्या, मालगाड्या आणखी काही वर्षं धावल्या. पण जमीन सरकारी वाहतूक कंपनीच्या नावावरच राहिली. मध्ये झाडोरा माजला, बोगद्यात चिखल साचला, तरी पट्टा सलग राहिला. मार्च 2017 मध्ये त्यावर 46 किलोमीटरची वाट खुली झाली. आगगाडीला खडा चढ चालत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना बॅगा लटकवलेली सायकलही इथे मजेत चढते. किलमॅकथॉमसला आठ कमानींचा दगडी पूल गावाच्या डोक्यावरून जातो. त्याच गावाजवळ एकोणिसाव्या शतकातलं वर्कहाउस लागतं. गोरगरिबांना पोटापुरत्या अन्नावर राबवून घ्यायची ती जागा. आता तिच्या आवारात लोक कॉफी पितात.

खरी गंमत त्यानंतर. दोन्ही बाजूंना खोदलेला खडक उंच होत जातो, त्यावर नेच्यांचे झुपके, आणि समोर बॅलिव्हॉइलचा बोगदा. सुमारे 400 मीटर. भर जूनमध्येही आत अंगावर काटा येतो आणि छतातून मानेवर नेमका थेंब पडतो. बाहेर आलं की लगेच बॅलिव्हॉइलचा पूल, 1922 च्या यादवी युद्धात उडवलेला आणि मग पुन्हा बांधलेला. तो ओलांडला की डावीकडची झाडी संपते आणि एकदम खाली समुद्र: कडे, क्लोनिया गावचा किनारा, लांब डंगारवनची खाडी. सहा-सात वर्षांची पोरं आईबापांच्या पुढे सायकली दामटत असतात आणि कुणी ‘अरे, कडेनं चल!’ म्हणून ओरडत नाही. ओरडायला मागून काही येणारच नसतं.

हाच देश, हीच रेल्वे, पण जमीन हातची गेली की काय होतं तेही इथेच बघायला मिळतं. मेयो काउंटीतली अकिलची लाइन 1937 मध्ये बंद झाली आणि जमीन शेतकऱ्यांकडे गेली. तिथे वेस्टपोर्टपासून अकिलपर्यंतची वाट 2011 मध्ये झाली ती शेतकऱ्यांच्या मर्जीवर: मालकी त्यांची, जाऊ देतात ते. केरी काउंटीत तसं जमलं नाही. डिंगल उपसागरावरच्या डोंगराला चिकटून जाणारी ती लाइन 1960 मध्ये संपली. तिथून सायकलवाट न्यायची तर शेतं मधोमध कापली जाणार, सक्तीचं भूसंपादन होणार, म्हणून लोक अडून बसले. परवानगी मिळेपर्यंत 2020 साल संपत आलं, मग प्रकरण हायकोर्टात गेलं. त्या शेतकऱ्यांना मी तरी विघ्नसंतोषी म्हणणार नाही. कागदावर दोन पिढ्या आपली असलेली जमीन कुणीही सुखासुखी सोडत नाही, ना केरीत, ना उरणला. सिडकोच्या भूसंपादनात उरणच्या लोकांनी काय सोसलं ते आपल्याला माहीत आहे.

आता इथलं फार कौतुक नको. वॉटरफर्डची ही वाट सोडून बाहेरच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडे डोक्याइतकी कुंपणं, रस्ता एका गाडीपुरता आणि समोरचं वळण आंधळं. अशा गावरस्त्यांवर फेब्रुवारी 2025 पर्यंत ताशी 80 ची मुभा होती, आता ती 60 वर आणली आहे. त्यामुळे लोक सायकली मोटारीच्या मागे अडकवतात, वाटेच्या तोंडाशी गाडी लावतात, चार तास गाडीविरहित आनंद घेतात आणि गाडीनंच घरी जातात.

यापेक्षा आपल्या कोकणात काय कमी आहे? उजेडायच्या आत नवी मुंबईहून निघायचं, उरणवरून कारंजाचा धक्का गाठायचा. ओहोटी असेल तर लाँच पार खाली दिसते. पायऱ्या शेवाळलेल्या, आपली पावलं जपून पडतात आणि तांडेल एका हातानं सायकल दांड्याला धरून टपावर घेतो, दोरीचे दोन वेढे मारतो. कोळणींच्या पाट्या आणि आपल्या बॅगा शेजारी शेजारी. रेवसला उतरलं की पुढे अलिबाग, मुरुड, आणि मग एकामागून एक फेरीबोटी: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मधल्या चढांवर जीव निघतो. जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार, तापला की अकरानंतर सायकल चालवणं हा वेडेपणाच. पण आरे-वारेच्या चढावर उजवीकडे समुद्र उघडला की त्याच्यापुढे बॅलिव्हॉइल मागच्या बाकावर.

हा रस्ता निवांत आहे तो कुणी ठरवून ठेवला म्हणून नाही. खाड्या हेच कोकणचे ट्रॅफिक हवालदार. ज्याला घाई आहे तो ट्रकवाला आणि तो गणपतीला निघालेला चाकरमानी मुंबई-गोवा महामार्ग धरतो, कारण किनाऱ्यानं गेलं तर दर खाडीला थांबावं लागतं. आता त्या खाड्यांवर पूल येणार. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलेला रेवस-रेडी सागरी महामार्ग रस्ते विकास महामंडळानं हाती घेतला आहे. जवळजवळ 500 किलोमीटर, आणि मोठ्या खाड्यांवर पूल.

पूल नकोत असं परदेशात बसून म्हणणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल तर पलीकडचं गाव दिसत असून फेरीची वाट बघायची, हे कुणाच्याही नशिबी नसावं. माझा प्रश्न पुलानंतरचा आहे. पूल झाला की फेरी बंद पडणार. आणि पुलावर सायकलला जागा असेल का? जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर सायकलच काय, मोटारसायकललाही बंदी आहे. 21.8 किलोमीटरच्या त्या सागरी द्रुतगती मार्गाचं एक वेळ समजू शकतो. पण तोच नियम रेवस-कारंजाच्या पुलाला लागला, तर लाँचही गेली आणि पूलही बंद. ट्रॅक मिळणं दूरच, आज आहे ती वाटही जाईल.

म्हणून पाम बीचच्या नव्या ट्रॅकपेक्षा जुन्या वाटांवर भांडावं, असं मी दोघांनाही सांगतो. महामार्ग जिथे नव्या आखणीनं गावाबाहेरून जाईल, तिथला आतला वाड्यावाड्यांतून जाणारा जुना रस्ता रुंद न करता स्थानिक गाड्या, बैलगाड्या आणि सायकलींसाठी ठेवावा. त्याला जमीन घ्यावी लागत नाही, कांदळवन तोडावं लागत नाही. पुलाला कठड्याच्या आत दोन मीटरची वेगळी पट्टी ठेवावी. ती पूल झाल्यावर जोडणं अवघड, म्हणून आराखड्यातच हवी. आणि पूल झाला तरी फेरी पूर्णपणे बंद करू नये.

नाहीतर काय होतं ते बघायला कोकणात जायची गरज नाही. कळव्याचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहनांना बंद झाला आणि 2022 मध्ये शेजारी तिसरा पूल आला. वाशीच्या खाडीवर 1973 चा पूल, 1997 चा दुसरा, आणि 2024 पासून टप्प्याटप्प्यानं खुला झालेला तिसरा. नवा कधी होणार याची चर्चा वर्षानुवर्षं चालते. जुन्याचं काय करायचं हे मात्र त्याच्या भूमिपूजनाच्या दिवशी कुणी विचारत नाही. ठाण्यातून कळव्याला सायकलनं किंवा चालत जाणाऱ्याला तो दगडी पूल मजबुतीची तपासणी करून देता आला तर ती शहरातली पहिली खरी गाडीविरहित खाडीवाट ठरेल. आणि मामेबहिणीच्या एकाही फ्लेमिंगोला धक्का लागणार नाही.

मेहुण्यानं यावर एकच प्रश्न टाकला: ‘पूल झाल्यावर चार सायकलवाल्यांसाठी रिकामी फेरी चालवायची, तिचा तोटा कोण भरणार?’ प्रश्न रास्त आहे. रोज दर तासाला फेरी नकोच. ऑक्टोबर ते मे, शनिवार-रविवार, सकाळ-संध्याकाळ एकेक खेप पुरे. तिचा खर्च पुलाच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल, आणि तोही निविदा निघायच्या आधी.