स्वस्त पडते म्हणे!

जुनी वॅगनआर बघायला लागलं की बेळगावात प्रत्येकाचा एकच सल्ला: "कोल्हापुरातनं एमएच ०९ घे की रे, स्वस्त पडते!" पडते ना. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) कोण आणणार? कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स कोण भरणार? १२ महिन्यांच्या आत बेळगावचा केए २२ नंबर घ्यावाच लागतो, हे सांगताना मात्र सगळ्यांची दातखीळ बसते.

आणि ते "डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर, फक्त ४० हजार किलोमीटर"! अहो, क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर टोकाला वाळलेला चिखल. २०१९ चा महापूर आम्हीही बघितलाय. एजंटाला दाखवलं तर म्हणतो, "साहेब, टेफ्लॉन कोटिंग फ्री करून देतो."